ओलं लाकूडही चालतं की
लाकूड वर्षभर सुकल्याशिवाय लेथवर (लाकूड गोल फिरवत कापायच्या यंत्रावर) चढवूच नये असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय, ते टेबलाच्या पायांना ठीक, पण नवीन माणसाला वाडग्यासाठी ओलंच द्या, मऊ कापतं, धूळ उडत नाही आणि लांब फिती सुटायला लागल्या की पटाशीचा कोन जमला हे त्याचं त्यालाच कळतं. आमच्या फोंड्याच्या ग्रुपात पावसात पडलेला आंबा-फणसच वापरतो, फुकट! फक्त बुंध्याचा मधला गाभा टाळायचा, चीर तिथूनच जाते.

पहिल्यांदा कापताना १० इंची वाडग्याची भिंत इंचभर जाड ठेवायची, लाकडाच्या रेषा जिथे आडव्या कापल्या जातात त्या बाजूंना मेण लावून कागदी पिशवीत काही महिने ठेवायचं, सुकताना वाडगा अंडाकृती होणारच, म्हणून तर जाडी ठेवलेली, मग परत चढवून गोल करायचं. प्लास्टिकची पिशवी नको, आपल्या हवेत बुरशी येते.