रॅम विकत घेण्याआधी एवढं तपासा

ड्रोनचा व्हिडिओ कॉम्प्युटरवर अडखळतो, काय करू, असं इथे एकाने विचारलंय आणि त्यावर रॅम आणि एसएसडी बदलायचा सल्ला आलाय. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पैसे घालवण्याआधी जरा थांबा. सेकंदाला १०० मेगाबिटचा व्हिडिओ म्हणजे सेकंदाला साधारण १२.५ मेगाबाइट. एवढा डेटा जुनी हार्डडिस्कही आरामात वाचते. अडतं ते डीकोडिंगला, म्हणजे दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडून दाखवायला.

माझंही असंच झालं होतं. भोरकडच्या भातखाचरांचं सकाळचं चित्रीकरण, कोवळं ऊन, पाण्यात ढग, आणि कोथरूडला घरी येऊन लावलं तर आवाज पुढे, चित्र गोठलेलं. फार जीव तुटला. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू (मुख्य प्रोसेसर) १०० टक्के आणि ग्राफिक्सखालचा 'व्हिडिओ डीकोड'चा आलेख सपाट, म्हणजे ग्राफिक्स उलगडायचं काम करतच नव्हतं! फाइल होती फोरके, एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत), १० बिट (रंगांच्या जास्त छटा). माझा प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचा. त्यातलं ग्राफिक्स ८ बिट एच.२६५ हार्डवेअरवर उलगडतं; १० बिटची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आली. म्हणजे सगळा भार सीपीयूवर.

तुम्हीही व्हिडिओ चालू ठेवून तो आलेख बघा. व्हीएलसी प्लेअरमध्ये हार्डवेअर डीकोडिंग चालू आहे ना, तेही पाहा. तरीही अडखळलं तर हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅममध्ये १०८०पी (फोरकेपेक्षा लहान चित्र), एच.२६४ (एच.२६५च्या आधीची, हलकी पद्धत) अशी प्रत काढा. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. मूळ फाइल मात्र कृपा करून पुसू नका. पुढच्या वेळी ड्रोनवरच एच.२६४ निवडता आलं तर निवडा. रंगांवर फार काम करायचं नसेल तर ते पुरतं.

प्रोसेसर कोणता आहे ते लिहा, मग नेमकं सांगता येईल.