मदत हवी आहे: विमान कंपनी बुडाली, पण परतीचं मोठं विमान भागीदार कंपनीचं आहे. आईंना ते घेतील का?

गुहागरची_सून

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे बागेचे आणि माशांच्या कालवणाचे धागे वाचून निघून जाते. आज मात्र हात जोडून विचारते आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा.

आमच्या सासूबाई (वय 68) मृगाच्या दिवशी वन्संकडे म्युनिकला गेल्या. पहिल्यांदाच परदेशी, आणि एकट्या. वन्संचं बाळंतपण नीट झालं, सगळं छान चाललं होतं. गेल्या आठवड्यात बातमी आली की ज्या कंपनीचं तिकीट होतं तिने दिवाळखोरीचा अर्ज करून सगळी उड्डाणं थांबवली. युरोपातल्या एका देशाची राष्ट्रीय विमान कंपनी आहे. प्रकरण तिथल्या कोर्टात चालू असल्यामुळे नाव लिहीत नाही.

तिकीट असं आहे. म्युनिकहून त्या कंपनीच्या राजधानीला त्यांचंच छोटं विमान, आणि तिथून मुंबईला मोठं विमान. या मोठ्या विमानाचा नंबर बुडालेल्या कंपनीचा आहे, पण खाली बारीक अक्षरात ‘ऑपरेटेड बाय’ म्हणून दुसऱ्याच कंपनीचं नाव आहे. ही दुसरी कंपनी व्यवस्थित चालू आहे, तिची मुंबईची विमानं रोज उडताहेत. दोघी एकाच अलायन्समध्ये (विमान कंपन्यांच्या गटात) आहेत.

चिपळूणचा एजंट म्हणतो, "अलायन्स आहे ना वहिनी, घेतील ते." भाऊजी म्हणतात पैसे गेले, विसरा. भागीदार कंपनीच्या हेल्पलाइनवर पाऊण तास थांबल्यावर सांगतात, ज्यांनी तिकीट दिलं त्यांच्याशी बोला. आणि ज्यांनी दिलं त्यांच्या फोनवर नुसती रेकॉर्ड वाजते.

आज चतुर्थीला 24 दिवस राहिलेत. परतीची तारीख 12 दिवसांवर, आणि व्हिसाचे 90 दिवस 14 दिवसांनी संपतात. धाकट्या जावेचा यंदा पहिला ओवसा (नव्या सुनेने सुपं घेऊन गौर पुजायची) आहे. आईंनी जाण्याआधी पाच सुपं बुरूडाकडून विणून घेऊन माळ्यावर कापडात बांधून ठेवलीत. काल व्हिडिओ कॉलवर त्यांनी स्वतःच्या तिकिटाचं एका शब्दाने विचारलं नाही. "सुपांना वाळवी लागली नाही ना, बघ हां," एवढंच म्हणाल्या. मला मेलीला रडूच आलं.

तर, ते दुसरं विमान त्यांना मिळेल का? नाही तर पैसे परत मिळायचा काही मार्ग? आणि अलायन्स असताना असं होतंच कसं, हेही कुणी समजावलं तर बरं होईल.

खाडीपलीकडचा

ताई, काळजी करू नका. अलायन्स म्हणजे एकमेकांच्या प्रवाशांची जबाबदारी घ्यायचीच असते. थेट त्या राजधानीच्या शहरात जाऊन काउंटरवर उभं राहायचं, घेतील. म्युनिकहून रेल्वे असेलच.

वेंगुर्ल्याचा_काउंटर

थांबा, ताई. कृपा करून आईंना रेल्वेने कुठेही पाठवू नका.

मी 14 वर्षं मुंबई विमानतळावर एका विमान कंपनीच्या तिकीट काउंटरवर होतो. तीही कंपनी बंद पडली, आता गावी काजूचा छोटा कारखाना आहे. हे प्रकरण मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलंय म्हणून लिहितो.

आधी तिकिटावरचा 13 आकडी नंबर बघा. त्यातले पहिले तीन आकडे म्हणजे तिकीट देणाऱ्या कंपनीचा कोड. विमानावर कुणाचा रंग आहे याला या हिशोबात महत्त्व नाही, पैसे कुणी घेतले ते या तीन आकड्यांत असतं. प्रवाशाने पैसे दिले ‘अ’ कंपनीला. प्रवास केला ‘ब’च्या विमानातून. मग ‘ब’ कंपनी ‘अ’ला बिल लावते आणि हे सगळे हिशोब आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या) क्लिअरिंग हाउसमध्ये एकमेकांत वळते होतात. आपल्याकडे एका दुकानदाराची चिठ्ठी दुसऱ्याकडे चालते आणि महिनाअखेर ते आपसात भागवतात, तसंच. आता चिठ्ठी देणाऱ्याचं दुकानच बंद झालं, तर दुसरा ती चिठ्ठी घेईल का? घेतली तर माल फुकट गेला.

जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 च्या रात्री थांबली. अमृतसरहून मुंबईला आलेलं ते शेवटचं विमान. लगेच आयाटाने तिला क्लिअरिंग हाउसमधून निलंबित केलं. अबुधाबीच्या एतिहाद कंपनीचा जेटमध्ये 24 टक्के हिस्सा होता, इतर कितीतरी कंपन्यांशी कोडशेअर (एकाच्या विमानाला दुसऱ्याचाही नंबर) होतं. त्या हिश्श्यामुळे आणि करारांमुळे जेटचं तिकीट कुणाच्याही काउंटरवर आपोआप चालेल असं झालं नाही.

अलायन्सबद्दल मोठा गैरसमज आहे. स्टार अलायन्स 1997 ची, वनवर्ल्ड 1999 ची, स्कायटीम 2000 ची. वेळापत्रकं जुळवणं, प्रवासावर जमलेले मैल (पॉइंट) एकमेकांकडे चालणं, लाउंज, सामान शेवटपर्यंत टॅग करणं, यासाठी त्या आहेत. एकमेकांच्या कर्जाला कुणी जामीन नसतं. ऑस्ट्रेलियाची अॅन्सेट स्टार अलायन्समध्ये होती, आणि तिची मालक एअर न्यूझीलंडसुद्धा त्याच अलायन्समध्ये. तरी सप्टेंबर 2001 मध्ये अॅन्सेटची विमानं जमिनीवर आली. हंगेरीची मालेव वनवर्ल्डची सदस्य होती. 66 वर्षं चाललेली राष्ट्रीय कंपनी 3 फेब्रुवारी 2012 च्या सकाळी बंद झाली. आदल्या रात्री झोपलेल्या प्रवाशांना उठल्यावर कळलं.

दुसरी महत्त्वाची गोष्ट. पहिला टप्पा सोडून दुसऱ्या टप्प्याला हजर राहिलं, तर पहिल्या टप्प्याची नोंद ‘नो शो’ (प्रवासी आलाच नाही) होऊन पुढचं सगळं तिकीट आपोआप रद्द होऊ शकतं. म्हणून म्हटलं, रेल्वे नको. 68 वर्षांची बाई अनोळखी शहरात काउंटरसमोर उभी आहे, हे चित्र मला सहन होणार नाही. मी अशा माणसांना नाही म्हटलंय. ते चेहरे अजून आठवतात.

खाडीपलीकडचा

काका, चुकलंच माझं. ताई, माझा सल्ला मनावर घेऊ नका.

गुहागरची_सून

काका, फार फार आभार. नंबर पाहिला. पहिले तीन आकडे बुडालेल्या कंपनीचेच आहेत. म्हणजे आशा नाहीच का? तिकीट एकूण 71,400 रुपयांचं होतं. भाऊजींनी एजंटाने पाठवलेल्या लिंकवर क्रेडिट कार्डाने भरलं होतं.

वेंगुर्ल्याचा_काउंटर

क्रेडिट कार्ड असेल तर आशा आहे! स्टेटमेंट काढा. पैसे कुणाच्या नावाने गेलेत ते बघा, विमान कंपनीच्या की एजंटाच्या? विमान कंपनीचं नाव असेल तर बँकेकडे ‘चार्जबॅक’ मागा, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत. सेवा मिळाली नाही, हे कारण. मुदत साधारण प्रवासाच्या तारखेपासून 120 दिवसांची असते, पण वाट बघू नका, उद्याच अर्ज द्या. उड्डाण रद्द झाल्याचा मेल किंवा कंपनीच्या वेबसाइटवरच्या सूचनेचा फोटो जोडा. आणि एजंटाला निक्षून सांगा, तिकीट स्वतःहून रद्द करू नकोस. प्रवाशाने रद्द केलं अशी नोंद झाली की बँकेपुढे आपली बाजू पडते.

जाण्याचा प्रवास झालेला आहे, म्हणून पूर्ण रक्कम नाही, परतीच्या भागाची मिळेल. एजंटाकडून दोन्ही भागांची फोड लेखी घ्या.

इझारकाठचा_मालवणी

ताई, मी म्युनिकलाच असतो, मूळ मालवणचा. दोन गोष्टी.

एक, तिकीट कधी काढलं होतं आणि दिवाळखोरीचा अर्ज कधी झाला, या दोन तारखा नीट लिहून ठेवा. जर्मनीत एअर बर्लिन ही विमान कंपनी बुडाली त्या वेळी यावरच सगळं ठरलं. 15 ऑगस्ट 2017 ला त्यांनी अर्ज केला. तिच्यातही हिस्सा असलेल्या एतिहादने पैसे देणं थांबवलं होतं. जर्मन सरकारने 15 कोटी युरोंचं तात्पुरतं कर्ज दिलं म्हणून विमानं ऑक्टोबर अखेरपर्यंत उडाली. शेवटचं विमान 27 ऑक्टोबरला याच म्युनिकहून बर्लिनला गेलं. अर्जानंतर विकलेल्या तिकिटांचे पैसे वेगळ्या खात्यात सांभाळले होते. आधीच्या तिकीटवाल्यांना मात्र इतर देणेकऱ्यांच्या रांगेत उभं राहावं लागलं. या रांगेत प्रवासी फार मागे असतो. म्हणून कोर्टाकडे दावा जरूर नोंदवा, पण भरवसा चार्जबॅकवर ठेवा.

युरोपात उड्डाण रद्द झालं तर पैसे किंवा दुसरं विमान द्यायचा कायदा आहे, पण ती जबाबदारी विमान कंपनीचीच, आणि तीच बुडाली की कायदा कागदावर राहतो. विमान आणि हॉटेल मिळून सहल विकत घेणाऱ्यांना दिवाळखोरीपासून संरक्षण आहे, नुसतं तिकीट घेणाऱ्यांना नाही. मला हे फार अन्यायाचं वाटतं. आपल्यासारखी घरची माणसं भेटायला येतात, त्यांनी नुसतंच तिकीट घेतलेलं असतं.

इटलीत थोडं बरं झालं. अलितालिया 14 ऑक्टोबर 2021 ला संपली, दुसऱ्या दिवशी इटा नावाची नवी कंपनी उडू लागली. नव्या कंपनीने जुनी तिकिटं घेतली नाहीत, पण सरकारने परताव्यासाठी 10 कोटी युरोंचा निधी काढला. तुमच्या कंपनीच्या देशात असं काही जाहीर झालंय का, ते वन्संना तिथल्या नागरी विमान खात्याच्या वेबसाइटवर बघायला सांगा.

दुसरं, व्हिसा. माणसाच्या हाताबाहेरच्या कारणाने अडकलं तर शेंगेन व्हिसा वाढवून मिळण्याची तरतूद आहे, पण मुदत संपण्याआधी इथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात अर्ज करावा लागतो. तिथे वेळ मिळायलाच आठवडे जातात. शक्यतो त्या वाटेला जाऊ नका, मुदतीत तिकीट काढा. आईंना विमानतळावर सोडायला माणूस लागला तर मला निरोप करा. गाववाले आहोत.

दाभोळ_जेटी

मी वाणिज्य शाखेला शिकवते. गुहागरच्या सुनेने "असं होतंच कसं" विचारलंय, त्याचं थोडं उत्तर.

स्विसएअर बघा. इतकी भक्कम की लोक तिला उडती बँक म्हणत. अलायन्सांच्या स्पर्धेत मागे पडू म्हणून तिने स्वतःचा गट उभारला, क्वालिफ्लायर, आणि त्यासाठी तोट्यातल्या कंपन्यांत हिस्से घेत सुटली. बेल्जियमची सबेना, फ्रान्सच्या, जर्मनीच्या. भागीदारांचा तोटा आपल्या अंगावर आला. सप्टेंबर 2001 नंतर प्रवासी घटले, आणि 2 ऑक्टोबर 2001 ला रोख दिल्याशिवाय इंधन मिळेना, म्हणून सगळी विमानं उभी राहिली. पाठोपाठ नोव्हेंबरात सबेनाही गेली. विमान कंपनीचा नफा पातळ असतो, खर्च मात्र रोजचा आणि रोखीचा असतो: इंधन, भाडं, विमानतळाचे आकार. तिकिटाचे पैसे मात्र महिने आधी आलेले असतात. म्हणून कंपनी आजारी पडली की तुमच्या आमच्या आगाऊ पैशांवर ती काही दिवस श्वास घेते. प्रवाशांनी सावध होऊन बुकिंग थांबवलं की तोही संपतो.

ताई, वन्संच्या खात्यात त्या कंपनीचे मैल असतील तर ते वेगळं बघा. जेटची मैल योजना वेगळ्या कंपनीत होती, म्हणून जेट थांबल्यावरही नाव बदलून चालू राहिली. एअर बर्लिनची योजना मात्र कंपनीपाठोपाठ दिवाळखोरीत गेली.

गुहागरची_सून

मंडळी, चार दिवसांनी लिहिते आहे.

स्टेटमेंटवर विमान कंपनीचंच नाव निघालं. भाऊजींनी बँकेत अर्ज दिला, पोचपावती मिळाली. एजंटाने परतीच्या भागाची रक्कम 36,200 अशी लिहून दिली. आधी टाळाटाळ करत होता, काकांचा सल्ला वाचून दाखवल्यावर दिली.

काकांनी मला खाजगी निरोपात सांगितलं होतं की अडकलेल्या प्रवाशांसाठी दुसऱ्या कंपन्या कधीकधी कमी दराची तिकिटं काढतात, फोनवर मागितल्याशिवाय सांगत नाहीत. आइसलँडची ‘वाव’ ही विमान कंपनी मार्च 2019 मध्ये बंद पडली तेव्हा आइसलँडएअरने दिली होती म्हणे. वन्संनी त्याच भागीदार कंपनीच्या म्युनिकच्या ऑफिसात विचारलं. जुनं तिकीट त्यांनी घेतलं नाहीच. पण जुन्या तिकिटाची प्रत दाखवल्यावर सवलतीत नवं एकेरी तिकीट दिलं, आणि मधला टप्पाही त्यांच्याच विमानाने. तारीख आठ दिवसांनंतरची, व्हिसाच्या मुदतीत.

एक गोष्ट इतरांसाठी मुद्दाम लिहिते. जुन्या तिकिटावर आईंसाठी व्हीलचेअर आणि साधं शाकाहारी जेवण नोंदवलेलं होतं. नव्या तिकिटावर ते आपोआप येत नाही, परत सांगावं लागतं. आमच्या लक्षातच आलं नव्हतं, काकांनी विचारलं म्हणून कळलं.

इझारकाठचे दादा, वन्सं तुम्हाला फोन करतील. जावई त्या दिवशी बाहेरगावी आहेत, आणि चार आठवड्यांचं बाळ घेऊन त्यांना विमानतळावर जाणं जमणार नाही.

आता फक्त मुंबई ते चिपळूण रेल्वेचं बघायचंय. गणपतीच्या गाड्या सगळ्या भरल्यात. त्या दिवशी मुंबईहून कुणाची गाडी गुहागर किंवा शृंगारतळीकडे येणार असेल आणि दोन माणसांची जागा असेल, तर सांगाल का? पेट्रोलचा वाटा देऊ. सामानात बाळाच्या बारशाचे फोटो आणि दोन बॅगा, बाकी काही नाही.

सुपं उतरवून पाहिली. वाळवी नाही. तसं आईंना कळवलंय.

खाडीपलीकडचा

ताई, माझा मेव्हणा त्याच दिवशी पनवेलहून रात्री निघतोय, दाभोळहून धोपावे फेरीने सकाळी गुहागरला येतो. मागच्या सीटवर जागा आहे. नंबर निरोपात पाठवतो. पैसे नकोत.