आठवीला गुलामगिरी शिकवताना सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: यवतमाळकडची जिल्हा परिषद शाळा, हाती दोनच तासिका. गुलामांचा व्यापार अन् आफ्रिकी वंश, दोन्ही कसं बसवायचं?

उत्तर १: कापसापासून धरा जी, आपल्या पोरांना बोंड समजावून सांगावं लागत नाही. 1793 मध्ये अमेरिकेत सरकी काढायचं नवं यंत्र निघालं. सरकी झपाट्यानं सुटू लागली, पण वेचणी हातानंच राहिली. म्हणून लागवड वाढली तसे गुलामही वाढले. 1790 ला सुमारे 7 लाख, 1860 ला जवळपास 40 लाख. 1861 च्या यादवीत तिकडचा कापूस अडला, अन् वऱ्हाडी कापसाला भाव चढला.

उत्तर २: त्याआधी 10 मिनिटं मलिक अंबर घ्या. जन्म इथिओपियात, गुलाम म्हणून विकला गेला, पुढे निजामशाहीचा कारभारी. थेट साखळदंडापासून सुरू केलं की आफ्रिकेला आधीचा इतिहासच नव्हता असं वाटतं. ‘हबशी’ म्हणजे हबश (इथिओपिया) देशाचा, हेही फळ्यावर लिहा. नाहीतर मधल्या सुट्टीत त्याची शिवी होते.

उत्तर ३: मालक-गुलामाचं नाटुकलं मात्र नको. गुलाम कोणाला करतील, हे गावातल्या वर्गात आधीच ठरलेलं असतं. त्यापेक्षा आकडे द्या: अटलांटिकच्या जहाजांवर सुमारे 1.25 कोटी माणसं चढवली, 1.07 कोटी उतरली. वजाबाकी पोरांनाच करू द्या.