पांझरेवरच्या फड-बंधाऱ्यांना धरणाच्या पाण्यात पहिला हक्क हवा का?

बंधाऱ्याकाठी (धागा):
पांझरा पिंपळनेरच्या बाजूच्या सह्याद्रीत उगम पावते, साक्री तालुक्यातून पूर्वेकडे येते, वाटेत कान नदीला पोटात घेते आणि धुळं ओलांडल्यावर उत्तरेला वळून मुडावदजवळ तापीला मिळते. एवढ्याशा नदीवर तीन-चारशे वर्षांपासून दगडी बंधारे एकामागून एक उभे आहेत. हे बंधारे पाणी साठवत नाहीत. पातळी थोडी उचलून पाणी पाटात वळवतात, पुढे सगळं उतारावर चालतं. ना वीज, ना पंप. पाटाखालचं थळ, म्हणजे त्या पाण्यावर भिजणारी जमीन, तीन-चार फडांत, म्हणजे मोठ्या पट्ट्यांत, वाटलेलं. एका फडात ऊस, दुसऱ्यात खरीप, तिसऱ्यात गहू-हरभरा, पुढे फेरपालट. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी, त्यामुळे टंचाईची झळ सगळ्यांना सारखी. पाणी सोडणं, राखण, देखरेख करणारे पाटकरी, जागल्या, हवालदार सगळे गावानेच नेमलेले.

धरणं वर झाली आणि खालच्या बंधाऱ्यांवर बारमाही येणारं पाणी तुटलं. माझं मत स्पष्ट आहे: पांझरेवरच्या अक्कलपाडा धरणाच्या नियोजनात या थळांचं आवर्तन (ठरलेली पाण्याची पाळी) आधी बांधून द्यावं, उरलेल्या पाण्याची वाटणी नंतर.

कोरडवाहू:
दादा, थळात जमीन असलेल्याला हे पटेल. आमचं शेत पाटापासून वर, माळावर. फडाच्या पाण्याने आमच्या आजोबांचा एक वाफासुद्धा भिजला नाही. नदी सगळ्या खोऱ्याची आणि पाणी फक्त उताराखालच्यांचं, ही कसली समता? शिवाय फडात काय पेरायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. आज बाजार बघून कांदा की कापूस हे ज्याचं त्याला ठरवायचं असतं. पाणी मोजून द्या, माणशी द्या. जुना हक्क म्हणून देऊ नका.

धुळेकर:
मला पिण्याच्या पाण्याचं बोलायचंय. नकाणे तलाव पांझरेच्याच पाण्याने भरतो, आता अक्कलपाड्याचंही पाणी शहराला लागतं. उन्हाळ्यात शहर आधी की ऊस आधी, यावर मतदान घ्यायची गरज नाही. आणि धरण नको होतं असा सूर कुणी लावू नये. 1872 च्या पुरात याच नदीने धुळ्याची दैना केली होती.

कानकाठची:
भाऊ, धरण नको असं मूळ धाग्यात कुठेच नाही. पाटात पाणी वाहतं तेव्हा ते जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरींना उतरतं आणि त्याच विहिरींवर गावांचं पिणं चालतं. हा हिशोब शहरातून दिसत नाही.

नामवंत अभियंते विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागले, त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक इथलंच: दातर्तीला पांझरेच्या पाण्यासाठी नळाचा वक्रनलिका-मार्ग (सायफन). पुराच्या गाळाने आणि वाळूने काम अडलं तरी त्यांनी ते पुरं केलं. त्या काळच्या सरकारलाही हे पाट जपण्याजोगे वाटले होते. आज साधी गाळकाढ होत नाही. नदीतली वाळू उपसून पात्र खाली गेलं, की पाटाच्या तोंडाशी पाणी चढणार कसं? आधी हे थांबवा, मग हक्काचं बोलू.

कोरडवाहू:
ताई, वाळूचं शंभर टक्के मान्य. पण त्याने माळावर पाणी येत नाही.

बंधाऱ्याकाठी:
पिण्याचं पाणी सगळ्यात आधी, यात वाद नाही. माझी मागणी सिंचनाच्या वाट्यापुरती आहे. माळाचा मुद्दा खरा आहे, तो फडाने कधीच सोडवला नाही आणि सोडवणारही नाही. त्यासाठी पाणलोटाची कामं वेगळी हवीत. पण माळावर पाणी नाही म्हणून थळातलंही जाऊ द्यायचं, हे मला मान्य नाही. 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यात पाणी वापर संस्थेला, म्हणजे शेतकऱ्यांच्याच संस्थेला, पाणी मोजून मिळतं आणि पीक निवडायची मोकळीक राहते. प्रत्येक बंधाऱ्याच्या थळाची अशी संस्था करा, कोटा कागदावर आणा. पेरणीआधी आकडा कळला तर ऊस किती लावायचा हे फड स्वतः ठरवेल, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी ऊस लावणारच नाही.

कोरडवाहू:
कोटा ठरवायच्या बैठकीला माळावरच्या गावांनाही बोलवा. तेवढं केलंत तर माझा विरोध निम्मा.