'आज मुंबईला एक क्रॉफर्ड हवा' म्हणे!

गिरगावचा गण्या
हेरिटेज वॉकवाल्या कुणाची तरी पोस्ट चार ग्रुपांतून माझ्यापर्यंत आली. "मुंबईला आज पुन्हा एक आर्थर क्रॉफर्ड हवा. नगरसेवकांची कटकट नको, एक कणखर आयुक्त बास!" खाली अंगठ्यांचा पाऊस. तीन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

१८६५ ते ७१ हा गृहस्थ आयुक्त होता. क्रॉफर्ड मार्केट उभारलं, घाण उपसली, मान्य. पण पैसा कुणाचा? शेअरचा फुगा ६५ सालीच फुटला होता, भले भले शेठ देशोधडीला लागले होते, आणि साहेबांचा हात सढळ. जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी, म्हणजे देखरेखीला सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठितांनी, हिशेब बघेपर्यंत तिजोरीचा तळ दिसायला लागला. करदाते पेटले तेव्हा साहेब गेले.

त्या भांडणातून ७२ चा कायदा आला: ६४ सभासद, पैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे. पुढे ८८ चा कायदा फिरोजशहा मेहतांनी घासूनपुसून घेतला, त्यावर तुमची महापालिका आजही चालते. आणि त्याच ८८ साली क्रॉफर्डसाहेब पुण्यात काय करत होते? मामलेदारांकडून पैसे घेतल्याच्या आरोपात सापडले होते! हा तुमचा कणखर आयुक्त.

चर्चगेट_फास्ट
अर्धवट माहितीवर धागे काढू नका. सरकारने नेमलेल्या चौकशी कमिशनने लाचेच्या आरोपातून क्रॉफर्डला सोडलं होतं. नोकरी गेली ती हाताखालच्या लोकांकडून कर्ज काढलं म्हणून.

आणि गंमत सांगू? ७१ साली फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये भर सभेत क्रॉफर्डची बाजू कुणी घेतली? तुमच्याच फिरोजशहांनी. लोकांनी हुर्यो उडवली त्यांची. आता बोला.

गिरगावचा गण्या
बोलतो की. फिरोजशहा तेव्हा सव्वीस वर्षांचे, नुकतेच बॅरिस्टर होऊन आलेले. ते म्हणाले, कारभार एकाच्या हातात असण्यात दोष नाही, त्याच्यावर लक्ष ठेवणारे लोकांनी निवडलेले नाहीत हा दोष आहे. म्हणजे आयुक्त हवा, पण डोक्यावर लोक हवेत. तुमची पोस्ट म्हणते लोकच नकोत. दोन्हींत फरक दिसत नसेल तर चष्मा बदला.

चर्चगेट_फास्ट
"लोक" म्हणे! मत होतं मूठभर कर भरणाऱ्यांना. चाळीतल्या तुमच्या पणजोबांना कुणी विचारलं होतं? आमच्या वॉर्डात तीन वर्षं फुटपाथ खणून ठेवलाय. नगरसेवकाकडे गेलो तर म्हणे अधिकाऱ्याला विचारा, अधिकारी म्हणे नगरसेवकाला. माझ्या आईचा पाय त्याच खड्ड्यात मुरगळला. मला लोकशाही शिकवू नका.

मांडवीची माई
आईला बरं वाटो. पण सगळे क्रॉफर्ड क्रॉफर्ड काय लावलंय? त्या मार्केटचं नाव आता महात्मा ज्योतिबा फुले मंडई आहे. माझ्या वडिलांचा तिथे फळांचा गाळा होता. मे महिन्यात पहाटे पेट्या उघडायच्या, पेंढ्यात हात घालून आंबा बाहेर काढायचा, देठाशी वास घ्यायचा, आणि पिकला तो डावीकडे, कच्चा उजवीकडे. दारावरची कोरीव चित्रं लॉकवुड किपलिंगची, म्हणजे 'जंगल बुक'वाल्या किपलिंगच्या वडिलांची, ते मला चाळिशीत कळलं. वडिलांना अखेरपर्यंत माहीत नव्हतं. ते "मार्केटात जातो" एवढंच म्हणायचे.

शनिवारातला
नाव बदलून काय होतं? रिक्षावाल्याला "फुले मंडई" सांगून बघा, पुण्यात नेईल.

माळीवाड्याचा
नेऊ देत की! पुण्याच्या मंडईलाही फुल्यांचंच नाव आहे. आधी ते रे मार्केट होतं, अत्र्यांनी नगरपालिकेत असताना बदलून घेतलं. आणि खरी मजा अशी की ज्योतिराव स्वतः पुणे नगरपालिकेचे सभासद होते, १८७६ पासून. मंडईवर एवढा पैसा उधळण्याला त्यांचा विरोध होता, तो शिक्षणावर घाला म्हणत होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागताला हजार रुपये खर्चायचे ठरलं, तेव्हा विरोधात हात एकच होता, त्यांचा. शहराचा कारभारी बघायचा तर हा बघा. तुम्ही क्रॉफर्ड आणि मेहता घेऊन बसलात.

शनिवारातला
फुले स्वतः कंत्राटदार होते हे सोयीने विसरलात वाटतं.

माळीवाड्याचा
विसरलो नाही. कंत्राटदार असून बांधकामाला नाही म्हणणारा सभासद! असा एक आज दाखवा, पुण्याहून बाकरवडी पाठवतो.

चर्चगेट_फास्ट
पैज नको. बाकरवडी तुम्हीच खा, ह्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

शनिवारातला
मग आता टिळकांचंही ऐका. क्रॉफर्ड प्रकरणात लाच दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांना सरकारने अभय दिलं होतं, नंतर त्यातल्या काहींना काढलं. टिळक त्यांच्यासाठी उभे राहिले. लाच देणाऱ्याची बाजू! ह्यावर कुणी बोलणार नाही, कारण नाव टिळकांचं.

मांडवीची माई
अहो, ज्याच्या बदलीची दोरी साहेबाच्या हातात तो नाही कसं म्हणणार? आमच्या वडिलांनीही गाळ्यासाठी एकाला "चहापाणी" दिलं होतं. मी अकरा वर्षांची, पाकीट मीच धरून उभी होते. त्यांचे हात थरथरत होते, घेणाऱ्याचे नाही. पुढे लिहीत नाही.

शनिवारातला
माई, एवढा विचार केला नव्हता मी. मामलेदारांचा मुद्दा मागे घेतो. बाकीचे नाही.

गिरगावचा गण्या
धागा कुठून कुठे गेला! चर्चगेट, तुमचं एक कबूल: ७२ ची निवडणूक म्हणजे पैसेवाल्यांची पंगतच होती, आणि फिरोजशहाही काही चाळीत राहत नव्हते. पण पंगतीचं दार त्यांनीच किलकिलं केलं. क्रॉफर्डने नाही.

चर्चगेट_फास्ट
मार्केटचं दार क्रॉफर्डने उघडलं आणि माईच्या वडिलांनी त्यातच संसार केला. तेवढं लिहून ठेवा. फिरोजशहांचा पुतळा रोज बघतो मी, महापालिकेसमोर उभा असतो बिचारा. आत जायला त्यालाही पास लागत असेल.

गिरगावचा गण्या
हे मात्र झकास. बरं, आमच्या बिल्डिंगला सकाळपासून पाणी नाही, खाली टँकर आलाय. बादल्या भरून येतो.