मदत हवी आहे: स्पायडरमॅनची कॉमिक्स, पिक्चरच्या पुढच्या भागाआधीची, अर्जंट

होटगी_रोडवाला:
भाचा शनिवारी येतोय. त्याला ती कॉमिक्स पाहिजेत, पिक्चरचा पुढचा भाग यायच्या आधी वाचायची असतात ती. कुठली घ्यायची आणि सोलापुरात कुठं मिळतील एवढंच सांगा. नव्या पेठेत विचारून झालं, पार्क चौकाकडं विचारून झालं, सगळीकडं गाईडं आणि रंगवायची पुस्तकं, एकानं तर स्पायडरमॅनची कंपासपेटीच काढून पुढ्यात ठेवली. ऑनलाइन बघितलं तर उशीएवढं जाड पुस्तक साडेआठ हजाराला दाखवतंय, ते काय मी घेत नाही. मित्र आज पुण्यात हाय, संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं निघतोय, त्याच्या आत सांगितलं तर तो घेऊन येईल. पीडीएफच्या लिंका देऊ नका, हातात धरायचं पुस्तक पाहिजे. लवकर सांगा की ओ.

जाळं_विणणारा:
कुठला पिक्चर? माणसांचा का ॲनिमेशनचा? भाचा केवढा आहे, इंग्रजी वाचतो का, आधीचे भाग बघितलेत का, बजेट किती? यातलं काहीच लिहिलं नाही तुम्ही. आणि "पिक्चरच्या आधीची" अशी ठरलेली कॉमिक्स नसतात, हे आधीच सांगून ठेवतो.

होटगी_रोडवाला:
ॲनिमेशनचाच ओ, स्पायडरव्हर्सवाला, तो मायल्स नावाचा पोरगा स्पायडरमॅन असतो त्यातला. सगळ्यांना माहीत हाय.

जाळं_विणणारा:
बाकीच्या चार प्रश्नांचं काय?

देंकालीचा_रहिवासी:
आमच्या लहानपणी हे असलं शोधावं लागत नव्हतं. स्टेशनवरच्या स्टॉलला इंद्रजाल कॉमिक्स टांगलेली असायची, तीही मराठीत. १९६४ ला सुरू झाली आणि १९९० ला बंद पडली, तेव्हापासून मराठी पोरांना हातात धरायला काही राहिलंच नाही. भाच्याला त्यातला वेताळ द्या, म्हणजे फँटम. आजकालच्या पोरांना वाटतं सगळं सुपरमॅनपासून सुरू झालं. सुपरमॅन आला १९३८ ला, वेताळ त्याच्या दोन वर्षं आधी. अंगाला चिकटलेला पोशाख आणि डोळ्यांवर पट्टी, हे वेताळानं आधी केलं, बाकीच्यांनी मागनं उचललं.

होटगी_रोडवाला:
काका, वेताळ मलाही आवडतो, पण भाचा नववीत हाय आणि त्याला स्पायडरमॅन पाहिजे. इंग्लिश मिडियमला हाय, वाचतो. बजेट दोन हजार, ओढून ताणून अडीच. दोन्ही पिक्चर त्यानं शंभर वेळा बघितलेत. झालं? आता सांगा.

गॉथमचा_पाहुणा:
भावा, स्पायडरमॅन सोड, बॅटमॅन दे. मी कारणासकट सांगतो. तुला पिक्चर आणि पुस्तक अशी जोडी पाहिजे ना, ती डीसीकडं मिळते, बॅटमॅन काढणारी कंपनी. डार्क नाइट रिटर्न्स घे, १९८६ चे चार अंक एकाच पुस्तकात, त्याच्यावर ॲनिमेशनचे दोन भाग आलेत, २०१२ आणि २०१३ ला. लाँग हॅलोवीन घे, तेरा अंकांची गोष्ट, त्याचेही दोन भाग २०२१ ला. पुस्तक वाचायचं, पिक्चर लावायचा, कुठलं पान कुठं आलं ते बघत बसायचं. स्पायडरव्हर्सचं तसं नाही, तिथं दहा ठिकाणचं उचलून एक पिक्चर केलाय. आणि नवीनच पाहिजे असेल तर ॲब्सोल्यूट बॅटमॅन, ऑक्टोबर २०२४ पासून चालू झालाय, स्कॉट स्नायडर लिहितो, निक ड्रॅगोटा काढतो. त्यातल्या ब्रूसकडं पैसाच नाही, वाडा नाही, इंजिनियर आहे साधा, आई जिवंत आहे. असला बॅटमॅन मी आजपर्यंत बघितला नव्हता.

जाळं_विणणारा:
माणूस विचारतोय काय आणि तुम्ही सांगताय काय. मायल्सबद्दल विचारलंय.

गॉथमचा_पाहुणा:
मग द्या की तुम्ही उत्तर. तासभर झाला नुसते प्रश्नच विचारताय.

जाळं_विणणारा:
देतो. आत्ता वय आणि बजेट कळलं.

पहिली गोष्ट, घाई नाहीये. तिसरा भाग, बियॉन्ड द स्पायडरव्हर्स, आता २०२७ च्या जूनमध्ये ठेवलाय. आधी मार्च २०२४ म्हणाले होते, ते कधीच गेलं. दुसरी गोष्ट, दुकानात "स्पायडरव्हर्स" असं नाव बघून उचलू नका. त्या नावाची मोठी गोष्ट २०१४-१५ मध्ये आली होती, डॅन स्लॉटची, तिच्यात वेगवेगळ्या जगांतल्या स्पायडरमॅनना खाऊन टाकणारं एक आख्खं खानदान आहे. पिक्चरमध्ये त्या खानदानातलं कुणीच नाही आणि ती गोष्ट पीटर पार्करभोवती, म्हणजे मूळ स्पायडरमॅनभोवती फिरते, मायल्स त्यात आहे पण कोपऱ्यात. भाचा चार पानं वाचून बाजूला टाकेल.

मायल्स पहिल्यांदा आला २०११ ला. ते जग वेगळं, तिथला पीटर पार्कर मरतो आणि मग हा पोरगा स्पायडरमॅन होतो. ब्रायन मायकल बेंडिसनं लिहिला, सारा पिकेलीनं काढला. शाळेची लॉटरी, बाप, काका, काकाचं दुसरं रूप, पहिल्या पिक्चरमधलं हे सगळं तिथून आलंय. काका कॉमिकमध्ये बराच वाईट माणूस आहे, पिक्चरमध्ये त्याला मवाळ केलाय. २०११ ची मालिका पहिल्या अंकापासून ज्या पुस्तकात आहे तेच घ्यायचं.

जोडभावीचा_प्रेक्षक:
दुसरा भाग मराठीत पण आला होता हे किती जणांना माहीत हाय? जून २०२३, दहा भाषांत लावला होता भारतात, मराठी, गुजराती, पंजाबी सगळं. मला मराठीचा शो काय सापडला नाही, हिंदीतच बघावा लागला. शुभमन गिलचा आवाज होता पवित्रला, त्यातल्या भारतातल्या स्पायडरमॅनला.

पद्मा_नगरी:
आमच्या घरी तेलुगूतच बघितला, आजीसकट. तिला पवित्रचं शहर लय आवडलं, मुंबई आणि मॅनहॅटन कालवून काढलंय ते. मध्येच म्हणाली हे तर आपल्यापेक्षा स्वच्छ हाय.

जोडभावीचा_प्रेक्षक:
गिलनं आवाज बरा दिला होता का ओ? मला तर मॅचनंतरची मुलाखत ऐकतोय असंच वाटत होतं.

पद्मा_नगरी:
तो हिंदी आणि पंजाबीला होता फक्त. आमची सुटका झाली.

होटगी_रोडवाला:
क्रिकेटचा दुसरा धागा काढा की बे. मित्र लक्ष्मी रोडला पोचला.

पैसा_वसूल:
एक सल्ला देतो, कुणी देणार नाही. कॉमिक घेतलं की प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं, मागं पुठ्ठा लावायचा, उन्हात ठेवायचं नाही. स्पायडरमॅन ज्यात पहिल्यांदा आला तो १९६२ चा अंक तेव्हा बारा सेंटला होता. त्याची एक चांगली जपलेली प्रत २०२१ मध्ये छत्तीस लाख डॉलरला गेली. डॉलर म्हणतोय, रुपये नाही. एफडी काय देते आजकाल?

सुट्टीतली_आत्या:
अहो, ते नववीतलं पोर आहे, ते भाकरी खाता खाता वाचणार. पुठ्ठा लावून कपाटात ठेवायचं तर आणायचं कशाला?

दादा, तुम्ही भाच्यालाच का नाही विचारत? त्यानं नेमकं काय मागितलंय?

होटगी_रोडवाला:
त्यानं फोटो पाठवलाय ना व्हॉट्सॲपवर. तोच मित्राला पाठवला सकाळी.

जाळं_विणणारा:
फोटो?? हे आत्ता सांगताय? काय आहे त्या फोटोत?

होटगी_रोडवाला:
मायल्स उलटा लटकलाय, काळा सूट, खाली व्हेरियंट कव्हर असं लिहिलंय आणि एक तारीख. तारीख तीन महिन्यांनंतरची हाय, मला वाटलं ती ऑफरची असेल. दुकानदार मित्राला म्हणतोय असं पुस्तकच नाही, मित्र मला फोनवर तापतोय.

जाळं_विणणारा:
दुकानदाराचं बरोबर आहे. ते पुस्तक अजून छापलेलंच नाही.

अमेरिकेतले प्रकाशक साधारण तीन महिने आधी यादी काढतात, कुठल्या महिन्यात काय येणार, कव्हर कसं असणार, दोन ओळींत गोष्ट काय. ती यादी मुळात दुकानदारांसाठी असते. त्यांनी किती प्रती पाहिजेत ते आधी कळवायचं, अंक यायच्या काही आठवडे आधी आकडा पक्का करायची शेवटची तारीख असते, त्यावरनं किती छापायचं ते ठरतं. मग बुधवारी अंक दुकानात लागतो. तो अंक म्हणजे वीस-बावीस पानांची गोष्ट आणि जाहिराती, पातळसा. तसले पाच-सहा अंक झाले की त्यांचं एक पुस्तक निघतं, आणखी काही महिन्यांनी. आपल्याकडच्या पुस्तकाच्या दुकानात दिसतं ते हे शेवटचं. सुटे अंक मागवणारी दुकानं देशात मोजकीच, आणि तिथंही आधी सांगून ठेवावं लागतं.

व्हेरियंटचं म्हणाल तर आत गोष्ट तीच, वरचं चित्र फक्त दुसऱ्या चित्रकाराचं. काही व्हेरियंट असे असतात की दुकानानं साधे पंचवीस अंक घेतले तर त्याला तो एक मिळतो. म्हणून त्याची किंमत वाढवून लावतात. भाच्याला ते चित्र आवडलं असेल, गोष्टीचा त्याच्याशी संबंध नाही.

होटगी_रोडवाला:
म्हणजे मी सकाळपासून न छापलेलं पुस्तक शोधतोय?

जाळं_विणणारा:
हो.

गॉथमचा_पाहुणा:
म्हणून म्हणतो, बॅटमॅन. छापून तयार आहे.

ढगातलं_वाचन:
एवढी कटकट कशाला, मार्व्हल अनलिमिटेड घ्या ना, स्पायडरमॅनच्या कंपनीचं ॲप. महिन्याला पैसे भरायचे, हजारो कॉमिक्स, मायल्स पहिल्यापासून आजपर्यंत सगळा. नवीन अंक तीन महिन्यांनी तिथं येतात, पुस्तकाच्या आधीच. टॅबवर एकेक चौकट मोठी करून वाचता येते. मी दोन वर्षांत एकही कागदी अंक घेतला नाही.

सुट्टीतली_आत्या:
नववीतल्या पोराच्या हातात आणखी एक स्क्रीन. त्याची आई तुम्हाला शोधत येईल.

ढगातलं_वाचन:
ताई, तो तसाही मोबाईलवरच बघतोय की, फोटो कुठनं पाठवला त्यानं?

देंकालीचा_रहिवासी:
वाचनालयाचं सभासद करा. हिराचंद नेमचंद आहे आपल्याकडं. सुट्टीत दुपारी जाऊन बसायचं, पंखा असतो, शांत असतं.

होटगी_रोडवाला:
काका, तो चार दिवसांसाठी येतोय.

बरं ऐका सगळे. मित्राला दुसऱ्या दुकानात दोन सापडलीत, दोन्ही मायल्सची. एकावर शॉक वेव्ह्ज लिहिलंय, ते पातळ आणि स्वस्त हाय. दुसरं जाड, चौदाशेचं, कव्हरवर बेंडिस नाव हाय. कुठलं? स्टेशनला जायला रिक्षा लावलीय त्यानं, पटकन.

जाळं_विणणारा:
जाडं. पण आधी त्याला दोन गोष्टी बघायला सांगा. कण्यावर १ आकडा आहे का. आणि मागच्या बाजूला खाली बारीक अक्षरात ओळ असते, यात कुठल्या मालिकेचे कितवे ते कितवे अंक आहेत त्याची. तिथं २०११ आणि अंक १ पासून असं असलं तर डोळे झाकून घ्या. सगळ्या गोष्टी तुकड्यांत निघतात ना, त्यामुळं मधलंच पुस्तक गळ्यात पडायचे चान्स जास्त.

शॉक वेव्ह्ज वाईट नाही, २०२१ चं आहे, पण ते आठ ते बारा वर्षांच्या पोरांसाठी म्हणून काढलेलं. नववीतला पोरगा बघेल आणि म्हणेल मामा, मी काय चौथीत आहे का.

पद्मा_नगरी:
आणि पवित्रचं काय नाही का? आपल्याकडचा म्हणून तरी द्या त्याला.

जाळं_विणणारा:
पवित्र २००४ चा, चारच अंकांची मालिका होती. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी केलेला. त्यात त्याला कोळी चावत नाही, एक योगी शक्ती देतो, मायामावशी आहे, भीमकाका आहे, आणि खाली धोतर नेसून उड्या मारतो. पिक्चरमधला पवित्र बराच बदललेला आहे, मला विचाराल तर सुधारलेला. २०२३ ला पाच अंकांची नवी मालिका पण आली होती. पण दुकानात सहज हाताला लागणारी नाहीत ती पुस्तकं, आज तर नाहीच.

गॉथमचा_पाहुणा:
धोतर नेसून भिंतीवर चढतो हे वाचून मी पण घ्यायला तयार आहे.

होटगी_रोडवाला:
कण्यावर १ हाय. मागं २०११ पण हाय म्हणतोय. घेतलं. रिक्षात बसला.

आता त्या न छापलेल्याचं काय करू ते सांगा. भाचा विचारणारच.

जाळं_विणणारा:
फोटोवरची तारीख त्यालाच वाचून दाखवा. पाहिजेच असेल तर सुटे अंक मागवणारं दुकान गाठून आत्ताच नाव नोंदवा, व्हेरियंट नको, साधं कव्हर सांगा. आणि आगाऊ पैसे सगळे भरू नका, या तारखा पुढं जातात. किंवा पुस्तक निघेपर्यंत थांबा. तिसरा पिक्चर यायच्या आत हातात पडेल.

होटगी_रोडवाला:
बरं. आभारी हाय. बॅटमॅनवाले, तुमचं वाढदिवसाला बघू.

गॉथमचा_पाहुणा:
वाढदिवस कधी आहे? ॲब्सोल्यूट बॅटमॅनचे पहिले सहा अंक एका पुस्तकात आलेत, दुसऱ्या भागाची तारीख बघून सांगतो.

देंकालीचा_रहिवासी:
कुणाकडं मराठी इंद्रजाल असतील तर कळवा. विकत घेतो. फाटकी चालतील, मधली पानं असावीत.

पैसा_वसूल:
काका, किती देणार?

सात_रस्ता_सिद्धू:
आत्ताच धागा बघितला, वरचं सगळं वाचलं नाही. स्पायडरमॅनची कंपासपेटी पाहिजे असेल तर आमच्या गल्लीत हाय.