मदत हवी आहे: आईला घेऊन परदेशी जायचंय, रेसिझमचा त्रास कितपत होतो? (१२ दिवस राहिलेत)

म्हापशाची_मधू
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येते. आईला घेऊन बाहेर जायचंय. तिकिटं झाली, व्हिसा आला, हॉटेलचे पैसे भरले (परत मिळणार नाहीत). परवा तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला आणि तेव्हापासून तिचं एकच पालुपद, "म्हाका नाका. थंय आमकां भिंतीक लावन उबीं करतात."
खरंच इतका त्रास होतो का? साडी, टिकली, मंगळसूत्र यातलं काय टाळावं? नवरा म्हणतो रद्द कर. मला रद्द करायचं नाही. प्लीज ज्यांना अनुभव आहे त्यांनीच लिहा. "घाबरू नका हो" वगैरे नको, ते मी तिला तीन दिवस सांगतेच आहे.

कोकणकडा
कुठला देश?

तारवटी_८८
बाय, आम्हाला आंबोली चढली की बाहेर. देश सांग, महिना सांग, कोण कोण जाणार ते सांग. मग बोलू.

पुणेरी_भटक्या
आम्ही गेल्या वर्षी व्हिएतनाम केलं. अजिबात त्रास नाही. उलट हनोईत लोक आमच्याबरोबर फोटो काढत होते. शाकाहारी असाल तर 'चाय' हा शब्द पाठ करा, तिकडे त्याचा अर्थ शाकाहारी. स्कूटर मात्र भाड्याने घेऊ नका. सविस्तर प्रवासवर्णन लिहितोय, लवकरच टाकतो.

म्हापशाची_मधू
@पुणेरी_भटक्या मी व्हिएतनामला नाही चाललेय.
सॉरी, लिहायचं राहिलं. पोर्तुगाल. गोव्यातून म्हटलं की कळेल असं वाटलं. लिस्बन सहा दिवस, पोर्तो तीन. मुंबईहून दुबईमार्गे. मी, आई (वय ७२) आणि माझी मुलगी (वय ९). बाबा गुडघ्यामुळे येत नाहीत.

पासपोर्ट_पात्रांव
७२ म्हणजे जन्म १९५३ चा, १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा, म्हणजे गोवा पोर्तुगालकडे होता तेव्हाचा. ताई, तुम्ही सोन्याच्या खाणीवर बसला आहात! आईचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवून घ्या. मग तुमचं, मग मुलीचं. लाल (पोर्तुगीज) पासपोर्ट हातात आला की रांगही वेगळी आणि वागणूकही वेगळी. व्हिसावर जायचंच कशाला?

मांडवीकाठ
@पासपोर्ट_पात्रांव त्यांना १२ दिवसांत निघायचंय. तुमच्या नोंदणीला किती महिने लागतात तेही सांगा. आणि तिकडचं नागरिकत्व घेतलं की इथलं जातं, मग ओसीआयच्या (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड) रांगेत उभं राहा. ते सोन्याच्या खाणीत धरलं का?
दुसरं, पासपोर्ट बदलला म्हणून कातडी बदलते का? आन्तोनियु कोश्ता आठ वर्षं त्यांचे पंतप्रधान होते, आता युरोपियन परिषदेचे अध्यक्ष आहेत. वडिलांकडून मडगावच्या घराण्यातले. २०२३ च्या जूनमध्ये शिक्षकांच्या निदर्शनात त्यांचं डुकराचं नाक लावलेलं चित्र फिरवलं, तेव्हा ते स्वतः चिडून "रेसिस्ट" म्हणाले होते. लाल पासपोर्ट जन्मापासून होता त्यांच्याकडे.

पासपोर्ट_पात्रांव
पंतप्रधान झाले ना पण? हाच तर माझा मुद्दा.

पोर्तोवासी
मूळचा डिचोलीचा, तीन वर्षं पोर्तोत आहे. आधी व्हिडिओचं बोलतो. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना दुकानं, पुरुषांची लांब रांग भिंतीकडे तोंड करून, हात भिंतीवर, मागे पोलीस: हाच ना? मग तो खोटा नाही. लिस्बनच्या मार्तिं मोनीझ भागातली रुआ दु बेनफोर्मोझु, १९ डिसेंबर २०२४. (हो, आपला मुक्तिदिन. त्या दिवशी ऑफिसात बसून मी दोन्ही बातम्या एकाच फोनवर वाचत होतो.) बहुतेक बांगलादेशी आणि आपल्या बाजूचे स्थलांतरित होते. त्यावरून तिकडे खूप गदारोळ झाला, जानेवारीत लिस्बनमध्ये मोठा मोर्चाही निघाला, त्यात गोरे पोर्तुगीजही होते. आईंना हा मोर्चाही दाखवा, तो कुणी ग्रुपवर टाकत नाही.
आता माझा अनुभव. तीन वर्षांत तोंडावर दोनदा. एकदा रात्रीच्या लोकलमध्ये दोन प्यायलेले, "वाय पा तुआ तॅर्र", म्हणजे जा तुझ्या देशात. दुसऱ्यांदा एका दुकानात 'मोन्ये' म्हणाले, आपल्यासारख्यांना हिणवायचा शब्द आहे. तोंडामागे मात्र बराच, खोली शोधताना सगळ्यात जास्त. फोनवर खोली रिकामी असते, प्रत्यक्ष गेलो की नुकतीच गेलेली असते. पर्यटकाला यातलं फारसं वाट्याला येत नाही, कारण तो खोली आणि नोकरी मागत नाही. पण हवा बदललीय हे खरं. २०२५ च्या मे महिन्यातल्या निवडणुकीत स्थलांतरितांविरुद्ध बोलणारा शेगा पक्ष जागांमध्ये दुसरा आला.

म्हापशाची_मधू
हाच तो व्हिडिओ. थँक्यू. मग साडी-टिकलीचं?

देश_तसा_वेश
जीन्स, कुर्ती, स्वेटर. टिकली नको. नऊ दिवसांचा प्रश्न आहे, कशाला लक्ष वेधून घ्यायचं?

शांतादुर्गा_प्रसन्न
का म्हणून? ७२ वर्षं लावलेली टिकली कुणाच्या भीतीने काढायची? टिकली काढली तर काय रंग गोरा होणार आहे त्यांचा?

देश_तसा_वेश
भावनिक होऊ नका, त्या सुरक्षिततेचं विचारताहेत. माझं स्पष्ट मत, निम्म्या वेळा आपल्याच लोकांचं चुकतं. मोठ्याने बोलायचं, रांगेत घुसायचं, हॉटेलच्या खोलीत इंडक्शन लावून फोडणी द्यायची. मग कुणी टोकलं की रेसिझम!

मांडवीकाठ
लोकलमध्ये गप्प बसलेल्या पोर्तोवासीने कुठली फोडणी दिली होती?
आणि विषय निघालाच आहे तर आपल्या अंगणाबद्दलही बोलू. मी सावंतवाडीचा, वीस वर्षं पर्वरीत राहतोय, मुलं इथेच जन्मली. आजही पार्किंगवरून वाजलं की समोरच्याचा पहिला शब्द 'घाटी'. २०१३ साली एका नायजेरियन तरुणाचा खून झाला म्हणून त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, तेव्हा आपल्याच एका मंत्र्याने त्या लोकांना कॅन्सर म्हटलं होतं. मी त्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. आसपासच्या गाड्यांतून काय काय ऐकू येत होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कोकणकडा
धागा भरकटतोय.

तारवटी_८८
भरकटू दे, बंदराला लागेल. बाय, मी बावीस वर्षं जहाजावर काढली, लिस्बनला कितीदा उतरलो त्याचा हिशेब नाही. आईला भीती कातडीची घालू नको, खिसेकापूची घाल. २८ नंबरची ट्राम म्हणजे म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, फक्त चाकांवर. मंगळसूत्र आणि पाटल्या घरी ठेवायच्या त्या चोरासाठी, गोऱ्यासाठी नव्हे. टिकलीला कोण हात लावत नाही.

पोर्तोवासी
+१. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिल्याच रात्री "आम्हाला बघून लुटलं" होईल. हॉटेलात बसलात की न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह, कधी चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं, खाल्लं की बिलात लागतं. सगळ्यांनाच लावतात, त्यांच्या स्वतःच्या आजीलासुद्धा. नको असेल तर लगेच परत न्यायला सांगा.
खरोखर कुणी वाईट वागलं, टेबल दिलं नाही, मुद्दाम ताटकळत ठेवलं, तर भांडू नका. शांतपणे "लीव्रु द रॅक्लामासोइंश" मागा. तक्रारवही. प्रत्येक दुकानात, हॉटेलात ठेवणं सक्तीचं आहे आणि मागितली की द्यावीच लागते. मी एकदाच मागितली. वही यायच्या आधी मॅनेजर आला, आणि टेबल मॅनेजरच्याही आधी मिळालं.

म्हापशाची_मधू
हे उपयोगी आहे, वहीवर लिहून घेतलं.
एक सांगायचं राहिलं. खरं तर सांगणार नव्हते. आईची भीती व्हिडिओची आहे, माझी वेगळी आहे. तीन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामाने युरोपात गेले होते. विमानतळाचं नाव लिहीत नाही. आमच्या विमानातली अख्खी रांग पुढे सरकली आणि मला एकटीला बाजूला काढलं. परतीचं तिकीट दाखव, हॉटेल दाखव, पैसे किती आहेत ते मोजून दाखव. मग बॅग. त्यात आईने दिलेला स्टीलचा डबा होता, चतुर्थीच्या उरलेल्या नेवऱ्या. त्या माणसाने हातमोजा घालून एक नेवरी मोडली, हुंगली, सारण टेबलावर पडलं. मग डबा उघडाच माझ्याकडे सरकवला. झाकण मी शोधलं, टेबलाखाली गेलं होतं. मागे माझ्याच मीटिंगला आलेली एक जर्मन बाई उभी राहून सगळं बघत होती. आईला मी सांगितलं, नेवऱ्या सगळ्यांना आवडल्या.
आता तीच आई आणि माझी मुलगी माझ्या बाजूला असणार. त्यांच्यासमोर असं झालं तर मी काय करू, हा माझा प्रश्न आहे.

देश_तसा_वेश
पण हे कस्टम्स झालं. खाण्याचे पदार्थ तपासतातच. यात रेसिझम कुठे आला?

म्हापशाची_मधू
डबा तपासला त्याचं नाही हो. एकटीला काढलं त्याचं. आणि झाकणाचं.

शांतादुर्गा_प्रसन्न
मधू 🙏

रुआ_द_ओरेम
मी ट्रॅव्हलचं काम करते, रोज हेच बघते. नियम कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो ते त्या टेबलापाशी उभं असताना कळत नाही, तेव्हा कागद तरी असे ठेवा की विचारायला जागा उरणार नाही. परतीचं तिकीट, हॉटेलची बुकिंगं, विमा (किमान ३०,००० युरोंचा, तो तुम्ही व्हिसासाठी काढलाच असेल), कार्डाचं स्टेटमेंट, तिघींचं एकाच फोल्डरमध्ये, छापील. फोनवर नको. फोन त्याच्या हातात द्यावा लागतो.
मुलीचे वडील बरोबर नाहीत, तर त्यांचं संमतिपत्र नोटरी करून घ्या. हे मात्र कुणालाही विचारू शकतात.
पेढे, बर्फी, मांसाचं काही नको. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायची बंदी आहे. खोबऱ्याच्या नेवऱ्यांना हरकत नाही, सारणात खवा नाही ना?
१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) सीमेवर नवी नोंदणी सुरू झालीय. युरोपबाहेरच्या प्रत्येकाचा चेहऱ्याचा फोटो काढतात, तुमच्यासारख्यांचे व्हिसाच्या वेळचे बोटांचे ठसे पडताळतात. आईंना आजच सांगा की हे सगळ्यांचं होतं, नाहीतर तिथे उभं राहिल्यावर त्यांना व्हिडिओ आठवेल. आधारच्या वेळी ठसे नीट उमटले होते का त्यांचे? म्हाताऱ्या माणसांचे पुसट होतात. मशीनने दोनदा नकार दिला तर घाबरायचं नाही, हाताला थोडं क्रीम लावून ठेवायचं.

मांडवीकाठ
याला म्हणतात प्रतिसाद.
भर: तातडीला ११२. लिस्बनमध्ये पर्यटकांसाठी वेगळं पोलीस ठाणं आहे, रेश्तावरादोरेश चौकात, इंग्रजी बोलतात. आणि भारतीय दूतावासाचा नंबर आईच्या पर्समध्ये कागदावर.

पुणेरी_भटक्या
पोर्तुगालमध्ये शाकाहारी जेवणाचं काय? आमचा पुढच्या वर्षी विचार आहे.

पोर्तोवासी
@मधू मुलीसमोरचं विचारलंत म्हणून. मी त्या लोकलमध्ये काहीच बोललो नाही, पुढच्या स्टेशनला उतरलो आणि पंचवीस मिनिटं थंडीत उभा राहिलो. आजही ठरवता येत नाही की बरोबर केलं की नाही. पण डब्यात त्यांच्या आणि माझ्या मध्ये एक पोर्तुगीज म्हातारी येऊन बसली होती, मुद्दाम. तीही तेव्हा काही बोलली नाही. उतरताना तिने माझ्या बाहीला हात लावला.

म्हापशाची_मधू
अपडेट. अख्खा धागा आईला वाचून दाखवला, नेवऱ्यांसकट. नेवऱ्यांवर काही बोलली नाही, उठून आत गेली, गॅस पुसत बसली. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "तो लोकलमधला माणूस काय म्हणाला ते परत वाच." वाचलं. आई लहानपणी म्हापशात पोर्तुगीज शाळेत गेली होती, प्रिमेर ग्राव (प्राथमिकचा पहिला टप्पा) पुरताही झाला नाही तोवर मुक्ती आली. पण तॅर्र तिला कळलं. म्हणाली, "वतांच गो, परतीचें तिकीट आसा म्हण सांग ताका."
तर जातोय. टिकली असणार. मंगळसूत्र बाबांकडे राहील. मुलीला आज्जी "बों दीय" (सुप्रभात) आणि "ओब्रिगाद" (धन्यवाद) शिकवतेय, उच्चार बरोबर आहेत का देव जाणे.
@रुआ_द_ओरेम सारणात खवा नाही, चणाडाळ, खोबरं आणि गूळ. तिने स्टीलचाच डबा काढलाय, मात्र झाकण दोऱ्याने हँडलला बांधलंय. स्कॅनरमध्ये दोऱ्याचा काही प्रॉब्लेम येईल का?

रुआ_द_ओरेम
नाही येणार. चेक-इन बॅगेत ठेवा.

कोकणकडा
नवा धागा काढत नाही, इथेच विचारतो. मोपा विमानतळावर दहा दिवस गाडी ठेवली तर पार्किंग किती पडतं?